बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाची सफाई आणि मेंदूचे आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी सकाळी नागपूरच्या धंतोलीत कंपवाताच्या रुग्णांचे नातेवाईक आम्ही एकत्र बसतो. कुणी वर्ध्याहून येतं, कुणी काटोलहून, एक काका तर गोंदियाहून पहाटेची गाडी धरून येतात. मी नागपूरच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि अकरा वर्षांपासून माझ्या आईला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. म्हणून पेशीबद्दल काही निघालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त विचारलं गेलं ते ‘मायटोकॉन्ड्रिया साफ करणाऱ्या’ औषधांबद्दल. तीच उत्तरं फोनवर तुकड्यातुकड्यांनी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी चालू करायची, कोणती बंद करायची, हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवायचं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेतल्या त्या तंतुकणिकाच ना?

त्याच. ‘पेशीचं ऊर्जाघर’ असं लिहून शेंगदाण्यासारखी आकृती काढायची आणि गुण घ्यायचे, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख. खऱ्या पेशीत त्या शेकड्यांनी, काही पेशींत हजारांनी असतात. सतत हलत असतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा सुट्या होतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याकडे आईकडूनच येतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा मेंदूला लागते. त्यातही पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात, त्या डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी फारच खर्चिक. मेंदूच्या तळाशी काळपट दिसणाऱ्या एका छोट्या पट्ट्यात त्या असतात, आणि अंदाज असा की त्यातल्या एकेका पेशीच्या फांद्या दहा लाखांहून जास्त ठिकाणी जोडलेल्या असतात. एवढ्या पसाऱ्यात टोकापर्यंत ऊर्जा पोचवायची, तीही सत्तर-ऐंशी वर्षं. शिवाय चेतापेशी विभागत नाहीत. त्वचेची पेशी बिघडली तर तिच्या जागी नवी येते. इथे जी मिळाली तीच शेवटपर्यंत सांभाळायची असते.

हजारो आहेत तर दोन-चार बिघडल्या म्हणून काय झालं? काढून टाकायची एवढी घाई कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. नागपूरकराला मी कूलरचं उदाहरण देते. मे महिन्यात कूलर बंद पडला तर खोली तापेल, तेवढंच. पण मोटारीची वायर उघडी पडून पत्र्यात करंट उतरला, तर तो कूलर नुसता निकामी राहत नाही, जिवावर उठतो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. असा कूलर कोपऱ्यात ठेवून चालत नाही, त्याची पिन काढून तो घराबाहेरच न्यावा लागतो.

बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया तशीच. ती ऊर्जा कमी देते आणि प्राणवायूचे घातक, अतिक्रियाशील रेणू जास्त सोडते. त्यांनी शेजारच्या चांगल्या मायटोकॉन्ड्रियाही खराब होतात. ती फुटली तर आतली प्रथिनं आणि डीएनए पेशीत सांडतात. त्यांना पाहून पेशीची संरक्षण यंत्रणा ‘जंतू शिरला’ असं समजते आणि दाह सुरू होतो. म्हणून निरोगी पेशी अशा मायटोकॉन्ड्रिया वेळीच वेगळ्या काढून पचवून टाकते. या कामाला मायटोफॅजी म्हणतात.

पण पेशीला कळतं कसं, कोणती बिघडली ते?

शेजारच्या घराला कुलूप आहे हे आपल्याला कसं कळतं? दारात दुधाच्या पिशव्या साठायला लागतात.

मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर विजेचा दाब असतो, अगदी मोजता येण्याजोगा, दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास. पेशी ‘पिंक-१’ नावाचं एक प्रथिन बनवून प्रत्येक मायटोकॉन्ड्रियाच्या दारात सतत टाकत असते. निरोगी मायटोकॉन्ड्रिया त्या दाबाच्या जोरावर ते आत ओढून घेते, तिथे त्याचे तुकडे होतात आणि लगेच विल्हेवाट लागते. दार स्वच्छ राहतं. दाब गेला की ओढण्याची ताकदच जाते, आणि पिंक-१ बाहेरच्या पडद्यावर साठत राहतं.

साठलेलं पिंक-१ मग ‘पार्किन’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं. पार्किन त्या मायटोकॉन्ड्रियाच्या अंगभर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटवतं. चिठ्ठ्या दिसल्या की तिच्याभोवती पडद्याची एक पिशवी विणली जाते, आणि ती पिशवी लयकारिकेत, म्हणजे लायसोसोममध्ये, नेऊन रिकामी होते. आतली आम्लं आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सगळं विरघळवतात. सुटे झालेले भाग पेशी पुन्हा वापरते. शेवटचा हा टप्पा लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा येणार आहे.

याचा पार्किन्सन्सशी संबंध आहे हे कुणी शोधलं?

एका माणसाचं नाव घेऊन थांबता येत नाही. निरनिराळ्या वाटांनी माणसं एकाच ठिकाणी येऊन पोचली.

पहिली वाट कॅलिफोर्नियाची. १९८२ साली तिथे काही तरुण व्यसनी माणसं अचानक ताठरून, गोठल्यासारखी दवाखान्यात आली. लक्षणं हुबेहूब पार्किन्सन्सची, पण असा आजार इतक्या तरुण वयात आणि इतका झटपट होत नाही. विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने माग काढला. घरगुती प्रयोगशाळेत बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं द्रव्य चुकून तयार झालं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं विष बनतं, ते डोपामिन पेशींतच शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जासाखळीची पहिलीच कडी, ‘कॉम्प्लेक्स-१’, बंद पाडतं. मायटोकॉन्ड्रियावर घाव घातला की पार्किन्सन्स होऊ शकतो, हे अशा दुर्दैवी रीतीने कळलं. पुढे १९८९ मध्ये नेहमीचा पार्किन्सन्स होऊन वारलेल्या माणसांच्या मेंदूतही हीच कडी दुबळी आढळली.

दुसरी वाट जपानची. तिथल्या काही कुटुंबांत विशी-तिशीतच कंपवात सुरू व्हायचा. १९९८ मध्ये त्याला जबाबदार जनुक सापडलं, त्याचं नाव पार्किन ठेवलं. २००४ मध्ये युरोपातल्या कुटुंबांत पिंक-१ सापडलं. दोन वेगळी जनुकं, आजार जवळजवळ सारखा. का, ते कळत नव्हतं. २००६ मध्ये फळमाशीने उत्तर दिलं. पिंक-१ नसलेल्या माशीचे पंख खाली लोंबतात, स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया फुगतात. तिला जादा पार्किन दिलं की माशी सुधारते. उलट मात्र होत नाही, म्हणजे पार्किन नसलेल्या माशीला पिंक-१ देऊन उपयोग नाही. यावरून क्रम ठरला : आधी पिंक-१, मग पार्किन. वर्गात मी हा प्रयोग सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पेशीत एरवी विखुरलेलं पार्किन बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावरच जाऊन बसतं आणि मग तिची सफाई होते. तुकडे जुळले ते तिथे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी मायटोकॉन्ड्रियाच्या दारात बसलेल्या मानवी पिंक-१ची रचना प्रत्यक्ष पाहिली. औषध बनवणाऱ्यांना हीच आकृती हवी होती.

माझ्या बाबांची जनुकं ठीक आहेत असा रिपोर्ट आहे. मग ही माहिती आमच्या काय कामाची?

बहुतेक रुग्णांत पिंक-१ किंवा पार्किन बिघडलेलं नसतंच. तरी शास्त्रज्ञ या मार्गाकडे पाहतात, कारण वय वाढतं तशी सफाई मंदावते, कॉम्प्लेक्स-१ चा दुबळेपणा नेहमीच्या रुग्णांतही दिसतो, आणि पार्किन्सन्समध्ये पेशीत साठणारं अल्फा-सिन्यूक्लीन नावाचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतं.

पण दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पिंक-१ किंवा पार्किन काढून टाकलेल्या उंदरांना माणसासारखा पार्किन्सन्स होत नाही. आणि २०१८ मध्ये दिसलं की पिंक-१ नसलेल्या उंदरांच्या शरीरात रोजची मायटोकॉन्ड्रियाची सफाई बहुतांशी चालूच राहते. म्हणजे सफाईच्या वाटा अनेक आहेत आणि पिंक-१ची वाट बहुधा मोठ्या बिघाडाच्या वेळी लागते. ‘एक बटण दाबलं की आजार गेला’ इतकं हे सरळ नाही. कुणी तुम्हाला तसं सांगत असेल, तर त्याला उंदरांबद्दल विचारा.

अल्झायमर्स, एएलएस, हंटिंग्टन्समध्येही हेच होतं का?

कचरा साठतो सगळ्यांत, पण अडकतो वेगवेगळ्या ठिकाणी. एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार. त्याच्या काही कुटुंबांत ऑप्टिन्यूरिन आणि टीबीके-१ ही जनुकं बिघडलेली असतात. चिठ्ठ्या लागलेल्या मायटोकॉन्ड्रियाला पिशवीपर्यंत नेणाऱ्या प्रथिनांची ही जनुकं. हंटिंग्टन्स या आनुवंशिक मेंदूविकारात पिशव्या बनतात, पण आत माल नीट भरला जात नाही, अर्धवट रिकाम्या जातात. अल्झायमर्सबद्दल न्यूयॉर्कच्या राल्फ निक्सन यांचं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांनी दाखवलं की तिथे लयकारिकेतलं आम्ल कमी पडतं. पिशव्या येऊन थांबतात, पचत नाहीत, पेशी त्यांनी भरून जाते. अशा पेशीत ‘सफाई वाढवणारं’ औषध दिलं तर काय होईल? डम्पिंग यार्डचं फाटक बंद आणि आपण कचऱ्याच्या गाड्या दुप्पट केल्या, असं होईल. त्यामुळे एकाच औषधाची सगळ्या आजारांत अपेक्षा धरू नका.

दुसरीकडे, २०१९ मध्ये ऑस्लोच्या एव्हान्ड्रो फँग यांच्या गटाने अल्झायमर्ससारखा बिघाड घडवलेल्या कृमी आणि उंदरांत मायटोफॅजी वाढवून स्मरणशक्ती सुधारल्याचं दाखवलं. उंदरांत अशी सुधारणा दाखवून नंतर माणसांत अपयशी ठरलेल्या अल्झायमर्सच्या औषधांची यादी मोठी आहे. मी तो निबंध दोनदा वाचला, आणि आशेने वाचला, एवढं सांगते.

उपवासाने ऑटोफॅजी होते आणि त्यालाच नोबेल मिळालं, असा मेसेज फिरतोय. आईला एकादशी धरायला सांगू का?

नोबेल मिळालं ते खरं. २०१६ मध्ये जपानचे योशिनोरी ओसुमी यांना. पण ते मिळालं यीस्टच्या पेशी स्वतःचेच भाग कसे पचवतात, त्यामागची जनुकं कोणती, हे शोधल्याबद्दल. त्यांनी यीस्टला उपाशी ठेवलं होतं, माणसांना उपासाचा सल्ला दिला नव्हता. ‘ऑटोफॅजी’ हा शब्दही जुना, लयकारिका शोधणाऱ्या क्रिस्तिआन द दूव यांनी १९६३ मध्ये दिलेला. मराठीत आपण त्याला स्वभक्षण म्हणतो.

उंदीर उपाशी राहिला की त्याच्या यकृतात सफाई वाढते, हे पक्कं. एकादशीने नागपूरच्या सत्तर वर्षांच्या बाईच्या डोपामिन पेशी वाचतात, याला पुरावा नाही. शिवाय साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपासाला पेशी उपास मानत नाही. श्रद्धेने करायचा तर जरूर करा, आजारावरचा उपाय म्हणून नको. पार्किन्सन्सच्या रुग्णांचं वजन आधीच घटत असतं, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, आणि इथल्या मेच्या उन्हात निर्जळी म्हणजे चक्कर येऊन पडण्याला आमंत्रण. आमच्या गटातल्या एका आजींचं खुब्याचं हाड अशाच उपासाच्या दिवशी मोडलं. त्यानंतर त्या चालल्या नाहीत.

बाबांनी चाळीस वर्षं कापसावर फवारणी केली. त्यामुळे झालं असेल का?

यवतमाळ, वर्ध्याकडची मंडळी हे दबक्या आवाजात विचारतात. बहुतेकांच्या मनात अपराधीपणा असतो. एका माणसाच्या बाबतीत ‘यामुळेच झालं’ असं कुणीच सांगू शकत नाही. पण संबंध आहे. रोटेनोन हे कीटकनाशक एमपीटीपीसारखंच कॉम्प्लेक्स-१ बंद पाडतं, इतकं नेमकं की प्रयोगशाळेत उंदरांना पार्किन्सन्स करण्यासाठी तेच वापरतात. पॅराक्वॅट हे तणनाशक पेशीत घातक प्राणवायू रेणूंचा मारा करतं. अमेरिकेत फवारणीचं काम करणाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात, या दोहोंपैकी एक वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वॅट २००७ पासून बंद आहे. भारतात ते मिळतं.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं गेली, ती तातडीची विषबाधा होती. इथे गोष्ट वेगळी आहे : रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. घरात आता जो फवारतो त्याला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावा, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू देऊ नका, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. बाबांना मात्र दोष देऊ नका, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. औषध कुठवर आलं?

बाजारात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, मायटोफॅजी वाढवून पार्किन्सन्स किंवा अल्झायमर्स रोखतं असं सिद्ध झालेलं औषध आज एकही नाही. चाचण्यांत आहेत, आणि त्यांच्यामागचे विचार मात्र सुरेख आहेत.

एक विचार असा : पार्किन चिठ्ठ्या चिकटवतं, पण मायटोकॉन्ड्रियावरच यूएसपी-३० नावाचं एक विकर बसलेलं असतं, ते चिठ्ठ्या उपटत राहतं. २०१४ मध्ये हे कळलं. मग उपटणाऱ्याचाच हात धरला तर? केंब्रिजच्या मिशन थेरप्युटिक्स कंपनीच्या अशा एका गोळीची माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. दुसरा विचार, पिंक-१ची ताकदच वाढवायची. ते औषध शोधणारी छोटी कंपनी २०२३ मध्ये अॅबव्ही या मोठ्या औषध कंपनीने विकत घेतली. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ‘औषध झेपतं का, किती मात्रा चालते’ एवढंच पाहतात. आजार थांबतो का, हे नंतरच्या टप्प्यांत कळतं, आणि त्याला वर्षं लागतात.

तिसरी वाट शेवटच्या टप्प्याची, लयकारिकेची. जीबीए-१ या जनुकावरून लयकारिकेतलं एक विकर बनतं. जनुकात दोष असला की लयकारिका मंदावते, आणि पार्किन्सन्सच्या जनुकीय कारणांत हा दोष बराच आढळतो. आता गंमत पाहा. लयकारिकेतलं ते विकर वाढवणारं एक औषध तुमच्या घरातही असेल : खोकल्याचं अॅम्ब्रोक्सॉल. लंडनच्या शास्त्रज्ञांनी १७ रुग्णांना ते दिलं, ते मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचतं हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दिसलं, आणि ब्रिटनमध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी सुरू झाली.

हे ऐकल्यावर गोंदियाच्या काकांनी विचारलं, “मग सिरप पाजू का?” नाही. कृपा करून नाही. चाचणीतली मात्रा दिवसाला १.२६ ग्रॅमपर्यंत होती. खोकल्याच्या गोळीची नेहमीची मात्रा दिवसाला ९० मिलिग्रॅम, म्हणजे चौदावा हिस्सा. सिरपने ती गाठायला जाल तर साखर आणि त्यात मिसळलेली इतर औषधं पोटात जातील, ती निराळीच.

सफाई वाढवणं धोक्याचं ठरू शकतं का?

ठरू शकतं. गरजेपेक्षा जास्त मायटोकॉन्ड्रिया काढल्या तर पेशीला ऊर्जा पुरायची नाही. आणि एक उदाहरण तर आपल्या ओळखीच्या औषधाचं आहे. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साठलेलं लोह काढायला डेफेरिप्रोन देतात. नागपुरात किती घरांत ही गोळी रोज चालते ते वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळेत हे औषध पेशीतली मायटोफॅजी सुरू करतं, पिंक-१ आणि पार्किन नसतानाही. पार्किन्सन्समध्ये त्या काळपट पट्ट्यात लोह वाढतं, म्हणून, लोह कमी करावं या हेतूने, ३७२ नव्या रुग्णांवर ते तपासलं. २०२२ मध्ये निकाल आला. लोह कमी झालं, पण रुग्ण बिघडले. डेफेरिप्रोन घेणाऱ्यांतल्या २२ टक्के जणांना लक्षणं वाढल्यामुळे डोपामिनची औषधं सुरू करावी लागली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होतं. बहुधा डोपामिन बनवायलाच लोह लागतं, म्हणून असं झालं असावं.

थॅलेसेमियाच्या कुटुंबांनी यावरून घाबरून मुलांची गोळी थांबवू नये. त्या आजारात तिचा उपयोग वेगळा आणि पक्का आहे.

कोएन्झाइम क्यू-१० घेतोय. चालू ठेवू?

मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जासाखळीला मदत म्हणून घेतलं जाणारं हे पूरक १२०० आणि २४०० मिलिग्रॅम अशा मोठ्या मात्रांत ६०० रुग्णांवर तपासलं, फायदा दिसला नाही, चाचणी मध्येच थांबवली. क्रिएटिन हे असंच दुसरं पूरक १,७४१ रुग्णांवर तपासलं, तेही तसंच. मी आईचं क्यू-१० सात वर्षांपूर्वी बंद केलं, डॉक्टरांना विचारून. त्या पैशांत फिजिओथेरपिस्ट येतो.

डाळिंबातून मिळणाऱ्या ‘यूरोलिथिन’चं काय? आणि आपल्या संत्र्यात असतं का ते?

मायटोफॅजी वाढवतं म्हणून गाजलेलं यूरोलिथिन-ए डाळिंबात नसतं, आपल्या पोटात तयार होतं. डाळिंब, अक्रोड, स्ट्रॉबेरी यांतले एलॅजिटॅनिन नावाचे घटक आतड्यातल्या जिवाणूंना मिळाले की ते त्यातून यूरोलिथिन बनवतात, आणि तेही सगळ्यांच्या पोटात नाही. ज्यांच्याकडे ते जिवाणू नाहीत त्यांनी किलोभर डाळिंब खाल्लं तरी उपयोग नाही. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये कृमींना यूरोलिथिन दिलं तेव्हा त्यांचं आयुष्य सुमारे ४५ टक्के वाढलं. माणसांत २०२२ पर्यंतच्या चाचण्यांत स्नायूंची ताकद आणि दम थोडा सुधारल्याची चिन्हं दिसली. मेंदूच्या आजारात फायदा झाल्याचा मानवी पुरावा नाही.

काटोल-नरखेडच्या मंडळींचा हिरमोड होईल, पण संत्र्यात एलॅजिटॅनिन नसतात. संत्री खा, बद्धकोष्ठाला चांगली, आणि पार्किन्सन्समध्ये तो त्रास मोठा असतो.

एका ताईंनी यूरोलिथिनच्या डब्यांवर वर्षभर खर्च केला. ‘हे चालू आहे तर लेवोडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी, मेंदूत तिचं डोपामिन बनतं) कमी करा’ असं विक्रेत्याने सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्या घरच्या रुग्णाचं गिळणं इतकं अवघड झालं की दवाखान्यात ठेवावं लागलं. डबा विकत घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. लेवोडोपाला हात लावू नका. ती गोळी अचानक कमी करणं किंवा बंद करणं जिवावर बेतू शकतं.

आमच्याकडे सिकलसेल आहे. त्याचा याच्याशी संबंध लागतो का?

विदर्भात हा प्रश्न यायचाच. मेंदूशी नाही, पण मायटोफॅजीशी लागतो. तांबडी पेशी परिपक्व होताना आपल्या सगळ्या मायटोकॉन्ड्रिया काढून टाकते. त्यासाठी पिंक-१ नव्हे, निक्स नावाचं प्रथिन लागतं, हे २००७-०८ मध्ये कळलं. सिकलसेलमध्ये काही तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया शिल्लक राहतात आणि त्रास वाढवतात, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसतं. आज त्यावरून उपचार बदलत नाहीत.

जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

साठीनंतर सुरू झालेल्या आजारात बहुधा गरज नसते. चाळिशीच्या आत सुरू झाला असेल, भावंडांत दोघांना असेल, किंवा आईवडील नात्यातले असतील, मामाची मुलगी केलेली असेल, तर डॉक्टरांशी बोला. पिंक-१ किंवा पार्किनचा दोष आई आणि बाबा दोन्हीकडून आला तरच त्यातून होणारा आजार होतो. आई आणि बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे धोका चारात एक. रिपोर्टमुळे आजची गोळी बदलत नाही. उद्याच्या चाचण्यांत मात्र नेमके असेच रुग्ण आधी लागतील.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर नागपुरात कुठे चौकशी करायची?

भारतात होणारी प्रत्येक औषध चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आजाराचं नाव टाकून शोधा, चाचणी कोणत्या शहरांत, कोणत्या दवाखान्यात आहे ते तिथेच दिसतं. इथे मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानमधल्या एम्समध्ये न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला जाल तेव्हा थेट विचारा.

संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कुणी ‘नवीन उपचार’ म्हणून लाखभर रुपये मागत असेल आणि नोंदवहीत नाव नसेल, तर ती चाचणी नव्हे. स्टेम सेलच्या नावाखाली असे पैसे गेलेली तीन घरं मला माहीत आहेत.

तुम्ही स्वतः आईसाठी काय करता?

लेवोडोपा घड्याळाच्या काट्यावर : सात, अकरा, तीन, सात. जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण वरणातलं, दुधातलं प्रथिन त्या गोळीच्या शोषणात आड येतं. डाळ आणि पनीर रात्री. खाजकुयरीची पावडर नाही, तिच्यात लेवोडोपाच असतं आणि किती असतं ते पाकिटागणिक बदलतं.

आणि व्यायाम. उंदरांत व्यायामाने मायटोफॅजी वाढते, आईच्या मेंदूत काय होतं ते मला दिसत नाही. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत १३० रुग्णांपैकी निम्म्यांनी सहा महिने घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा, जागेवरची सायकल चालवली आणि त्यांची हालचाल नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांपेक्षा बरी राहिली. आम्हीही तशी सायकल घेतली, ओएलएक्सवर जुनी. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला, उजाडताना, बाकी दिवसांत सातला.

चालताना तिचे पाय जमिनीला चिकटतात. तेव्हा मी टाळ्या वाजवते आणि ती ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणत त्या ठेक्यावर पाऊल उचलते. ठेका ऐकला की अडलेलं पाऊल सुटतं, हे फिजिओथेरपीतही वापरतात. फरशीवर हातभर अंतराने पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्या ओलांडत ती चालते. काल बाल्कनीपासून देवघरापर्यंत न थांबता गेली, दिवा लावला आणि परत आली.